परसातला परसभर खड्डा

मोहोळला माझं पंपांचं दुकान होतं. तीस वर्षं मी लोकांच्या विहिरींच्या काठावर काढली, त्यामुळे निम्म्या तालुक्याची पक्की समजूत आहे की हा माणूस पाण्यातच जन्मला आणि चुकून जमिनीवर राहिला. ही समजूत लोकांनी आपणहून करून घेतलेली नाही. मीच ती त्यांना रोज थोडी थोडी पाजली. एका विहिरीच्या तळाला गेलेली पाच हॉर्सपॉवरची मोटार मी बुडी मारून दातांत धरून वर आणली, ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा मोटार तीन हॉर्सपॉवरची होती आणि दोराला बांधलेली होती. पुढं ऐकणारे वाढले तशी हॉर्सपॉवर वाढली. शेवटी शेवटी तर मोटार चालू होती.

तर अशा माणसाच्या बायकोला डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला.

तिचे दोन्ही गुडघे गेले होते. वर्षभर ती काठी घेऊन चालत होती. स्वयंपाकघरातून फाटकापर्यंत जायला मध्ये दोनदा बसायची, आणि हे मी फुगवून सांगत नाही. फुगवायचं असतं तर चारदा म्हणालो असतो. ऑपरेशन लांबवायचं असेल तर रोज अर्धा तास कमरेइतक्या पाण्यात चालायचं, एवढंच औषध डॉक्टरांनी दिलं. पोहण्याच्या सार्वजनिक तलावावर आम्ही जाऊन आलो. बायकांची वेळ भर दुपारची, आणि पाण्यात उतरायला उभी लोखंडी शिडी. तिनं पहिल्या दांडीवर पाय ठेवला, मग काढून घेतला. रिक्षात परत येताना कोरडा टॉवेल घडी करून तिच्या मांडीवर होता. त्यावर ती सारखी हात फिरवत होती.

घरी आल्यावर लसूण सोलता सोलता म्हणाली, "आपण आपलाच करू. परसात जागा आहे, बोअरला पाणी आहे. सिमेंटच्या पायऱ्या करून घेऊ, रुंद."

मी म्हणालो, "आणि पाण्यात तुझा पाय घसरला म्हणजे?"

तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "तुम्ही आहात की."

माझ्या पोटात जो खड्डा पडला, तो पुढं परसात पडलेल्या खड्ड्यापेक्षा खोल होता.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. मला पोहता येत नाही. थोडंफार येतं, पूर्वी यायचं, सराव राहिला नाही, असलं काही नाही. अजिबात येत नाही. सात वर्षांचा असताना मामानं मला पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत टाकलं. भोपळा वर राहिला, मी खाली गेलो. खाली हिरवा अंधार होता, आणि तो अंधार माझ्या नाकातोंडातून आत शिरत होता. केसाला धरून मला वर काढलं ते मला आठवत नाही, हिरवं आठवतं. दुसऱ्या दिवसापासून सगळी पोरं विहिरीवर गेली की मी शेताच्या पाटावर जायचो, पाटाच्या पाण्यात डोकं बुचकळायचो, सदरा पिळून घ्यायचो आणि ओल्या केसांनी घरी यायचो. उन्हाळा संपेतो घरच्यांच्या मते मी पट्टीचा पोहणारा झालो होतो. तेव्हापासून माझं डोकं कायम ओलं आहे म्हणा.

त्यामुळे तलाव नको, हे माझं ठरलेलंच होतं. प्रश्न एवढाच की खरं कारण न सांगता कसं नको म्हणायचं.

मी आधी पाण्याचा मुद्दा काढला. म्हटलं, अगं, आपल्या सोलापुरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येतं. पाणी आलं की लोक पातेल्यापासून कुकरच्या झाकणापर्यंत सगळं भरून ठेवतात, आणि आपण त्यात चालायचं? ती म्हणाली, आपण नळाचं घेणार नाही, बोअरचं घेणार. आणि तेच पाणी नंतर झाडांना सोडू. शिवाय गल्लीतल्या दोघींना मी बोलले आहे. त्यांचेही गुडघे असेच आहेत, त्याही येणार आहेत. म्हणजे माझ्या भरवशावर बुडणारी बाई एक होती, त्या तीन झाल्या.

मग मी नाग काढला. म्हटलं, मागं शेत आहे, उन्हाळ्यात भिंतीवरची पालसुद्धा चटके बसतात म्हणून तीन पायांवर उभी असते. गारव्याला नाग येतील. ती म्हणाली, "तुम्ही विहिरीतला नाग शेपटीला धरून फेकला होता की."

म्हटलं, पंप बंद पडला, पाणी शेवाळलं तर तळ कोण साफ करणार? ती म्हणाली, "चालू मोटार वर आणणाऱ्याला कसलं शेवाळ?"

चाळीस वर्षं जे जे सांगितलं होतं, ते एकेक परत येऊन माझ्यासमोर उभं राहायला लागलं. आणि दरवेळी शेवटी तेच, तुम्ही आहात की. हे ती प्रेमानं म्हणत होती असंही नाही. घरात गॅसची दुसरी टाकी आहे, हे जसं म्हणतात, तसं म्हणत होती. त्याचीच मला भीती वाटायला लागली. दुपारी पडलो की डोळ्यांपुढं यायचं, ती पाण्यात घसरली आहे, काठाकडे बघते आहे, आणि ओरडतही नाही, कारण मी काठावर आहे.

एक गोष्ट अशी होती, की ती मात्र तिनं कधी काढली नाही. मी आपणहून सांगतो ती. आमची मुलगी आठ वर्षांची असताना विहिरीत बुडायला लागली आणि मी अंगावरच्या कपड्यांनिशी, मनगटातल्या घड्याळासकट उडी टाकून तिला काढलं, ही गोष्ट मी पाहुण्यांत, पंगतीत, मुलीच्या सासरच्यांसमोरसुद्धा सांगितली आहे. सांगायला लागलो की मुलगी ताटाकडे बघायची. मला वाटायचं, लाजते.

शेवटी मी एक डाव टाकला. आमच्याकडे दोन फूट काळी माती, हातभर मुरूम आणि खाली फत्तर. फत्तर लागला की तलाव आपोआप रद्द, आणि दोष माझा नाही, जमिनीचा. म्हणून मी बायकोला म्हटलं, आधी खड्डा घेऊन बघू, बाकीचं नंतर ठरवू. आणि सांगोल्याकडच्या एका विहीर खोदणाऱ्याला फोन लावला. दुकानाच्या वेळेपासूनची ओळख. मोठा पटका, खांबासारखा उंच माणूस. त्याला सगळे आबाच म्हणतात. अकलूजला लग्नाला निघायची घाई होती, गाडीत बसता बसता बोललो.

"आबा, परसाचा खड्डा घ्यायचाय."

"परसाचा? एवढंच व्हय? दोन दिसात मोकळं करतो की."

आता इथं मी चुकलो, आणि मी चुकायला नको होतं. परस म्हणजे घरामागची जागा, हे झालं आपलं घरातलं. पण विहिरीवरच्या माणसाला परस म्हणजे माप. माणूस हात सरळ वर करून उभा राहिला की पायापासून बोटापर्यंत जेवढा भरतो, तेवढा एक परस. तुमची विहीर किती परस, असं विचारून विचारून तर मी तीस वर्षं पंप विकले. तो शब्द माझ्याच तोंडून गेला, आबांच्या कानात जाऊन खोल झाला, आणि मी अकलूजला जिलेबी खात बसलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं घरी आलो. फाटकातून मातीचा ढीग दिसला. आबा आणि त्यांची माणसं जेवायला लिंबाखाली गेली होती. बायको आत पाणी प्यायला गेली, मी मागं गेलो.

फत्तर लागला होता. आबांनी तो मशीन लावून फोडून काढला होता. चारी बाजू सरळ तासलेल्या, कोपरे सुरीनं कापल्यासारखे. खड्ड्यात शिडी लावलेली होती. मी किती खोल आहे ते बघायला उतरलो. तळाला पाय टेकले आणि वर बघितलं. काठ माझ्या डोक्याच्या वर. हात वर केले, तरी काठ वर, कारण परस आबांचा होता, माझा नव्हता. वर आभाळाचा एक चौकोन. फत्तराच्या फटीतून ओल झिरपत होती आणि भिंत हिरवट दिसत होती. पाण्याचा थेंब नव्हता तिथं. तरी माझा श्वास वरच्यावर व्हायला लागला.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. टक, टक. आणि चौकोनात ती आली.

काठावर, मातीच्या सैल ढिगावर ती उभी होती. काठी रुतत होती. ती वाकली. तिच्या पायाखालची माती सुटली आणि माझ्या अंगावर आली, आधी मूठभर, मग घमेलंभर.

"किती खोल घेतलाय हो," ती म्हणाली. "पण असू दे. तुम्ही आहात की."

शिडी माझ्यापासून दोन हातांवर होती. चार पावलांचं काम, वर जायचं, तिचा हात धरायचा, मागं न्यायचं. मी पाय उचलायला गेलो आणि पाय उचलेना. हे मला ओळखीचं होतं. असाच पाय एकदा आधीही उचलला नव्हता.

"मागं हो," मी म्हणालो.

"काय म्हणता?"

"मागं हो. मला पोहता येत नाही."

ती थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या पायाखालच्या कोरड्या मुरमाकडे बघितलं.

"इथं पाणी कुठंय?"

"नाही. पण मला येत नाही. कधीच येत नव्हतं. मागं हो."

काय समजली कोण जाणे, पण ती मागं झाली. एक पाऊल, दुसरं, आणि तिसऱ्याला पाय लटपटून ढिगावरच बसली. बसली तिथून आमची एकमेकांना फक्त डोकी दिसत होती. मग चौकशी सुरू झाली.

"मोटार?"

"दोरानं काढली. गड्यांनी."

"नाग?"

"साधी पाणदिवड होती, बिनविषारी. आपणहून गेली."

तिच्या ओठांच्या कडेला हसू आलं. मला वाटलं, निभावलं. आणि ते हसू येता येताच थांबलं.

"आणि पोर?"

मी खड्ड्यातून सांगितलं. शिडी हातात धरून, कारण धरायला दुसरं काही नव्हतं. पोरीला पोहायला शिकवायचा तो माझा मामेभाऊ. त्या दिवशी तो बाजाराला गेला होता. पोर ऐकेना, म्हणून तिच्या पाठीला तेलाचा रिकामा कॅन मी बांधला. गाठ मी मारली. ती पाण्यात गेली, मधोमध गेली, आणि गाठ सुटली. कॅन एकीकडे, पोर एकीकडे. मी विहिरीच्या तिसऱ्या पायरीवर होतो. चौथी पायरी पाण्यात होती. मला तिचं डोकं खाली जाताना दिसलं, परत वर येताना दिसलं, परत खाली. मी ओरडलोसुद्धा नाही. माझा पाय तिसऱ्या पायरीला चिकटला होता. ती हात मारत मारत स्वतःच काठाला आली, पायऱ्या चढली, आणि माझ्या शेजारून वर गेली. मग मीही वर आलो आणि वाकून पाटाचं पाणी अंगावर ओतून घेतलं, मनगटातल्या घड्याळासकट.

लिंबाखाली कुणीतरी खाकरलं.

"आणि मी घरी निवांत असायचे," ती म्हणाली. "रोज. की तुम्ही आहात."

मी अंगावरची माती झटकली.

"पोरीला ठाऊक आहे?"

"हो."

"कशावरनं?"

"ती होती की."

तेवढ्यात आबा आले. ढिगावर बसलेली ती आणि खड्ड्यात उभा असलेला मी, असं बघून त्यांना वाटलं आम्ही माप घेतोय. म्हणाले, "मालक, बरोबर परस हाय का बघा. माज्या हातानं मापलाय, बोटाचा फरक न्हाय."

मला वाटलं आता ती सांगणार, आणि आबांच्या तोंडून आठवडाभरात ते सांगोल्यापासून मोहोळपर्यंत जाणार. ती काठीवर भार देऊन उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "आबा, हे लई खोल झालं. ह्यांना आता खोल पाणी चालत नाही. मोटारी काढून काढून कानाचा पडदा पातळ झालाय."

आबांनी पटका मागं सारून माझ्याकडे आदरानं बघितलं. "व्हय की, वैनी. एवढ्या मोटारी म्हंजे काय चेष्टा हाय?"

"भरून घ्या परत. एवढं ठेवा." तिनं काठी आपल्या अंगाला लावून उभी धरली आणि कमरेशी बोट ठेवलं. आबांनी काठीवर खडूनं खूण केली.

"मग परस न्हाय?"

"परस तुमचा, आबा. माझं माप हे."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं तेव्हा "मोटार लावा" एवढे दोन शब्द बोलली. ते पाच दिवस मी त्या पाण्याला जेवढा भ्यालो नसेन तेवढा त्या घराला भ्यालो. तिनं स्वयंपाकघरातून पुण्याला मुलीला फोन केला. मला बाहेर फक्त हं, हं, ऐकू येत होतं. एवढी हं माणूस कशाला म्हणतो, याचा मी विचार करत बसलो. मग तिनं फोन ठेवला आणि भिंतीकडे बघून म्हणाली, तलाव झाला की पोर येणार आहे. तोवर कुणी पाण्यात उतरायचं नाही.

तलाव झाला. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, एका बाजूनं धरायला पाईप, आणि उतरायला रुंद पायऱ्या. मोजल्या, चार होत्या. गवंड्याला मी तीन कर किंवा पाच कर म्हणून सांगून बघितलं, पण त्यानं उंचीचा हिशोब दाखवला आणि मला पुढं कारण देता येईना.

रविवारी सकाळी मुलगी आली. चहा घेतला, आईला धरून पाण्यात उतरवलं. मग कोठीच्या खोलीत गेली आणि तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन आणि सुतळी घेऊन आली. मला वाटलं आईसाठी. ती माझ्यामागं येऊन उभी राहिली.

"हात वर करा, बाबा."

"अगं, कमरेइतकं तर पाणी आहे."

"हात वर करा."

मी हात वर केले. अडुसष्ट वर्षांचा माणूस आपल्या परसात, पाठीवर तेलाचा कॅन घेऊन, एक परस होऊन उभा राहिला. तिनं सुतळी छातीवरून दोनदा फिरवली. गाठ मारली, ओढून बघितली, परत एक गाठ मारली. दुसऱ्या गाठीला तिनं जरा जास्तच ओढलं.

पहिली पायरी. दुसरी. तिसरी. तिसऱ्या पायरीवर पाणी घोट्याला लागलं आणि मी थांबलो. बायको पाईप धरून पलीकडच्या टोकाला चालली होती, काठीशिवाय, पाठ ताठ, जशी मी तिला बऱ्याच वर्षांत बघितली नव्हती. पाण्याचा तळ दिसत होता. निळी फरशी दिसत होती, तिच्या पायांची बोटं दिसत होती. आणि मला ते हिरवं दिसत होतं.

मागून मुलगी हळूच म्हणाली, "त्या दिवशीही इथंच होतात."

एवढंच. रागानं नाही. जागा सांगावी तशी सांगितली. मी मान हलवली.

पलीकडे बायको वळायला गेली आणि तिचा हात पाईपवरून सुटला. ती एका बाजूला कलली, पाण्यात खांद्यापर्यंत गेली. तिनं काठाकडे बघितलं, मुलीकडे नाही, माझ्याकडे, आणि ओरडली नाही.

पुढचं मला नीट सांगता येत नाही, आणि असं वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघतंय. चौथी पायरी मला आठवत नाही. पुढं झुकलो तशी पाण्यानं छाती आवळली, कॅन पाठीवर उचलला गेला, मी तोंडानं श्वास घेत, पाईपला हातानं चाचपत, मोठ्यानं काहीतरी पुटपुटत तिच्यापर्यंत गेलो आणि तिचा दंड धरला. तोवर ती उभी होती. पाणी तिच्या कमरेला होतं आणि माझ्या मांडीला. मी एवढा थरथरत होतो की पाण्यावर लहर उठत होती. दंड मी धरला होता की तिनं माझा, हे बाहेरून बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

ती खरंच घसरली का, हे मी अजून विचारलेलं नाही. माझ्यासोबत चाळीस वर्षं काढलेली बाई आहे, काहीही करू शकते.

आता ती रोज चालते, गल्लीतल्या दोघी येतात, आणि मी कॅन बांधून तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मध्ये कुठंतरी असतो. भीती गेलेली नाही. रोज सकाळी भीतीच माझ्याआधी पायऱ्यांवर येऊन बसलेली असते. मुलगी सुट्टीला आली की पाहुण्यांसमोर मी हा प्रसंग सांगतो. सांगायला लागलो की पाणी आपोआप चढतं, मांडीवरून छातीला येतं, छातीवरून गळ्याला. मग मुलगी ताटावरून मान वर करते आणि माझ्याकडे बघते. मी पाणी परत मांडीवर आणतो.